इटबोडीचा ढिगारा

वाचकहो, यापुढे जे निवेदन आपणांसमोर ठेवण्यात येत आहे, ते एका पुत्राच्या हातून घडलेल्या एका कृत्याचे निवेदन होय. ते कृत्य योग्य की अयोग्य, याचा निवाडा करण्याची पात्रता या लेखकाच्या अंगी नाही. यातील रान भर उन्हातले आहे, यातील माणसे हसणारी-बोलणारी आहेत. तरीसुद्धा ज्यांचे कुणी माणूस रानात गेले व परत आले नाही, त्यांनी हे सावकाश वाचावे, अशी विनंती करून मूळ कथेस आरंभ करतो.

मूलच्या पूर्वेस धानाच्या बांध्या जिथे संपतात आणि साग व येन या वृक्षांचे रान जिथे सुरू होते, तिथे इटबोडी नावाचे लहानसे गाव आहे. बोडी म्हणजे तळे. गावापासून कोसभर आत असलेल्या या तळ्याच्या काठी हातभर लांबीच्या, पायलीभर धानाच्या वजनाच्या जुनाट विटा जागोजाग पसरलेल्या असून, त्यावरूनच गावास हे नाव पडले. कोणे एके काळी तिथे भिक्खूंचा विहार होता. आज त्याच्या भिंती गुडघाभर उरल्या आहेत. ओसरीचे दगडी खांब थकलेल्या बैलांप्रमाणे आडवे पडले आहेत. एका कोनाड्यात ध्यानस्थ तथागतांची मूर्ती आहे, परंतु तिला शीर नाही. फाल्गुनात शेजारच्या पळसाची फुले तिच्या ओंजळीत पडतात आणि तिथेच सुकतात.

विहाराच्या मागे, एका दुभंगलेल्या येनाखाली, छातीएवढ्या उंचीचा दगड-विटांचा एक गोल ढिगारा होता. चंद्रपूरच्या उपासक मंडळींनी त्यास स्तूप मानले होते. मागील तीन पौर्णिमांना त्यांनी तिथे मेणबत्त्या लावल्या, पांढरी फुले वाहिली, प्रदक्षिणा घातली आणि वंदना म्हटली. या खेपेस मंडळी पुढचे काम योजून आली होती. स्तूपावर पडलेले सुटे दगड व वाळक्या फांद्या दूर करून त्याचे मूळ वर्तुळ उघडे करावयाचे, असे ठरले होते. खोदकाम करावयाचे नव्हते, नुसता वरचा भार काढावयाचा होता. सूर्य मावळण्यापूर्वी रानाबाहेर पडावे, या अटीवर वनखात्याने परवानगी दिली होती आणि सोबत एक वनरक्षक दिला होता.

त्या मंडळींत या खेपेस लहानू नावाचा एक साठी ओलांडलेला गृहस्थ प्रथमच आला होता.

लहानूने आपले सारे आयुष्य ऊर्जानगरला, औष्णिक केंद्राच्या कोळसा विभागात काढले. निवृत्तीनंतर तो आपली कन्या दीपिका हिच्याकडे राहत असे. दीपिका शिक्षिका होती आणि उपासक मंडळाची उत्साही सभासद होती. एके दिवशी तिने कौतुकाने मोबाईलवर इटबोडीच्या वंदनेचे छायाचित्र बापास दाखविले. लहानूने मोबाईल हाती घेऊन डोळ्यांजवळ नेला. त्याची दृष्टी मंडळींवर नव्हती, फुलांवर नव्हती. ती त्या दुभंगलेल्या येनावर खिळली होती.

"पुढच्या टायमाले मीही येतो," एवढेच तो बोलला.

"तुमी? रानात?" दीपिका हसली. "बाबा, तुमी त जुनोन्याच्या तलावावरही येत नाई!"

तिचे म्हणणे खरे होते. लहानूने रानाचे तोंड पाहणे बालपणीच सोडले होते. त्याचे कारण त्याने कन्येस कधी सांगितले नव्हते. आजी तापाने गेली, असे तिला ठाऊक होते.

वाचकहो, आजी तापाने गेली नव्हती. लहानूची आई सीताबाई चैत्रातल्या एका सकाळी मोहफुले वेचण्यास गेली आणि त्या येनाखाली वाघाने तिला धरले. जे मिळाले ते कापडात बांधून आणले गेले; ते कापड फार लहान होते. या मुलखात फार जुनी चाल आहे की, वाघाने जिथे माणूस मारला, तिथून जाणाऱ्या-येणाऱ्याने एक दगड अथवा एक हिरवी डहाळी ठेवावी. काही लोक असे मानतात की, तसे न केल्यास मेलेल्याचा जीव वाघाच्या खांद्यावर बसून हिंडतो, ओळखीच्या आवाजात माणसांना हाका मारतो व वाघापुढे नेतो. दगडांच्या भाराने तो जीव जागच्या जागी राहतो.

तेराव्या दिवसाआतच तिथे गुडघाभर ढीग झाला. लहानूचा बाप नवबौद्ध, बावीस प्रतिज्ञा मुखोद्गत असलेला. तो गावाच्या मधोमध उभा राहून ओरडला होता, "माही बायको भूत नोहे! तिच्या छातीवर दगड टाकू नका!" कुणी ऐकले नाही. संध्याकाळी पाणवठ्यावर लहानू दिसला की बाया आपापली लेकरे जवळ ओढत. शेवटी बापाने पोराचा हात धरून गाव सोडले.

त्या दिवसापासून लहानूच्या मनात एकच चित्र कोरले गेले होते. आई खाली निजली आहे, आणि येणारा-जाणारा प्रत्येक मनुष्य भयाने तिच्या छातीवर एकेक दगड टाकून जात आहे. कोळशाच्या पट्ट्याजवळ उभा असताना, लग्नाच्या मांडवात, पत्नीच्या अंत्यसमयी, कधीही त्याची छाती अचानक दडपून येई. डॉक्टरांना त्यात काही आढळत नसे.

म्हणून तो आला होता. तो ढीग त्याला मोडावयाचा होता, एकही दगड शिल्लक न ठेवता. हा स्तूप नव्हे असे मंडळींना सांगितले तर सारे माघारी फिरतील, हे जाणून त्याने मौन धरले होते. लोकांची चूक त्याच्या कामी येणार होती.

मंडळाचे प्रमुख दिनेश सर हे महाविद्यालयात इतिहास शिकवीत. त्यांच्या डोक्यावर मोठ्या काठाची टोपी होती, आणि तिच्यावरून बायांची थट्टा चालली होती.

"सर, एवढ्या टोपीत त अर्धं मंडळ सावलीले बसते," खुशबू नावाची एक तरुणी म्हणाली.

"बसा, पण काम करून बसा," सर हसून म्हणाले. मग त्यांनी ढिगाकडे वळून हात जोडले. सर्वांनी हात जोडले. लहानूने जोडले नाहीत. त्याने बाह्या सारल्या आणि पहिला दगड उचलला.

माणसांची रांग लागली. दगड हातोहात जाऊ लागले. रानात पानसुद्धा हलत नव्हते. पळस पेटल्यासारखे फुललेले, आकाश स्वच्छ, आणि तरीही दगड हाती घेताच तळहात गारठत होते. फाल्गुनातल्या दुपारी दगड असे थंड का, हे कुणी कुणास विचारले नाही, पण बोलणे हळूहळू कमी झाले. दगडांच्या सांध्यांत डहाळ्या होत्या. काही कुजून माती झालेल्या, काही वाळलेल्या, आणि अगदी वरच्या दोन-तीन अजून हिरव्या होत्या. अद्यापही कुणीतरी ठेवीत होते. लहानूने त्या उचलून लांब भिरकावल्या.

"बाबा, हळू. कंबर धरंल," दीपिका म्हणाली.

"धरू दे."

अर्धा ढीग उतरल्यावर आतून निराळीच रचना दिसू लागली. वरचे दगड वेडेवाकडे पडलेले होते. खाली मात्र विहाराच्या त्या जुन्या, लांब विटा एकीस एक लावून गोल मांडल्या होत्या. सांधे इतके नेटके की बोट शिरू नये.

"पाहा! पाहा!" दिनेश सर पुढे वाकले. "मूळ थर हाच! थांबा सगळे, आधी फोटो घेऊ."

परंतु लहानू थांबला नाही. फोटो घेऊन होतो न होतो तोच त्याने गुडघे टेकून एक वीट उपसली, मग दुसरी. सर "लहानूभाऊ, अहो" म्हणेपर्यंत त्याने मधला भाग मोकळा केला होता. त्याच्या नखांतून रक्त येत होते. मग त्याचा हात पोकळीत गेला.

आत माती खचलेली होती. एखादे माणूस कुशीवर, पाय पोटाशी घेऊन निजावे, एवढीच ती जागा होती. तिथे हाड नव्हते, बांगडीचा तुकडा नव्हता, मुंगीसुद्धा नव्हती. लहानूने त्या मातीवर पंजा टेकवला. वरचे सारे दगड बर्फासारखे होते. पण इथे, जिथे ऊन वर्षानुवर्षे पोहोचले नव्हते, तिथली माती उबदार होती. नुकत्याच उठून गेलेल्या माणसाच्या अंथरुणासारखी ती लागत होती.

तळ्यापलीकडे वानर एकदा ओरडले आणि गप्प झाले.

"जोहार," मागून कुणी म्हणाले.

सर्वजण दचकले. खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला एक म्हातारा येनापाशी उभा होता. तो कधी आला, वाळल्या पानांतून त्याची चाहूल कशी लागली नाही, कोण जाणे. सरांनी त्यास ओळखले. तो इटबोडीचा कोलू होता, गावच्या गोंड वस्तीतला जुना माणूस. आधीच्या खेपांना त्यानेच वाट दाखविली होती.

"या कोलूभाऊ," सर म्हणाले. "पाहा, तुमच्या गावचा स्तूप उघडून राह्यला."

कोलूने उपसलेल्या विटांकडे पाहिले. "हे काऊन खोललं?"

"वरचा कचरा काढला. मूळ..."

"कचरा?" कोलू विषादाने हसला. "सर, तुमी तीन पुनवा आमच्या वाघमारल्या बाईले हात जोडले. आमी गावात म्हटलं, जोडू द्या बापा, शिकेल लोक होत, वाईट त करत नाई. हात जोडल्यानं कोणाचं जाते का काही? पण खोलाचं नोहतं."

खुशबूच्या हातातली फुलांची पिशवी खाली आली. सर टोपी काढून नुसते उभे राहिले. कोलू मात्र कुणाकडे पाहत नव्हता. तो पोकळीत हात घालून बसलेल्या माणसाच्या पाठीकडे निरखून पाहत होता.

"ए भाऊ. इकडं पाह्य."

लहानूने मान वळविली नाही.

"तू लहान्या होय ना रे? सीताबाईचा?" कोलू दोन पावले पुढे आला. "अशीच पाठ होती तुह्या बापाची. अस्साच बसे तो इथी."

"बाबा?" दीपिका पुढे आली. "हे काय म्हणून राह्यले? सीताबाई म्हणजे... आजी?"

लहानू उठला. पन्नास वर्षे जे पोटात दाबले होते ते एकदम उसळून वर आले. "हो, माही माय! माह्या मायवर तुमी दगड टाकले! भूत म्हटलं तिले! मी काढले, आता काढले सगळे, काय करतं?"

"काई नाई करत," कोलू शांतपणे म्हणाला. "तुह्या बापानंही काढले होते."

लहानू एक पाऊल त्याच्याकडे सरकला.

"तुले नाई सांगतलं त्यानं? गाव सोडल्यावर दुसऱ्या सालीच आला. मोह गळाच्या टायमाले. दिवसभर दगड काढे, फेके, आमाले शिव्या दे. माणूस त तापट होताच. तो गेला का आमी परत ठेवो. तिसऱ्या साली आला, पुन्हा तेच. तवा माही माय सोमारी जिती होती. ते त्याच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, भाऊ, भेव वाटते म्हणून ठेवणारे ठेवतात, मी नाई म्हणत नाई. पण मी काऊन ठेवतो सांगू? सीता माही जोडीदारीण. सोबत मोह येचत होतो. ते इथी एकटीच राह्यली. मले घरदार हाये, मी तिच्यापाशी किती येळ बसू? म्हणून माह्या जागी एक दगड बसवून जातो. तो बसते. मी घरी जातो."

कोलूने कुऱ्हाड खांद्यावरून उतरवून जमिनीस टेकवली.

"तवा रडला तुहा बाप," कोलू पुढे म्हणाला. "लेकरासारखा रडला. मंग उठला अन् विहारातून एक इट घेऊन आला. म्हणे, मी दगड नाई ठेवत, मी माह्या बुद्धाच्या घरची इट ठेवतो. त्या दिसापासून दर साली येई. मूलवरून पायदळ. चार-पाच इटा लावे, अशा, गोल, गवंड्यावानी. म्हातारा झाला तरी येई. शेवटी हातानं उचलत नोहती, त मी धरू लागो. बाहेरून आमी दगड लावो, आतून त्यानं लावलं."

लहानूस आता सारे स्मरू लागले. दर चैत्रात बाप समाजाच्या बैठकीस म्हणून दोन दिवस कुठेसा जात असे. परत आला की ओट्यावर बसून तासभर हात धूत असे, आणि खाली वाहणाऱ्या पाण्याला विटकरी रंग येत असे. पोराने कधी विचारले नाही, बापाने कधी सांगितले नाही. दोघेही एकाच स्त्रीसाठी एकाच घरात वेगवेगळे मूक राहिले. आणि ज्या विटा बापाने तीस वर्षांत एकेक करून बसविल्या, त्या पोराने एका दुपारी उपसून टाकल्या होत्या.

तो खाली बसला. दिनेश सर जवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळू म्हणाले, "लहानूभाऊ, खरं पाहता स्तूप म्हणजे तरी काय असते..."

"सर," लहानू म्हणाला, "आता नका शिकवू."

"बरोबर आहे," सर म्हणाले, आणि त्यांनी स्वतः एक वीट उचलली.

तदनंतर जे झाले ते कुणी ठरवून केले नाही. सगळे परत रांगेत उभे राहिले आणि दगड उलट दिशेने येऊ लागले. वंदना कुणी म्हटली नाही. दीपिका रडत होती आणि रडता रडता बापाच्या शेजारी विटा लावीत होती. तिने आजीस कधी पाहिले नव्हते. परंतु आपल्या बापाने बसविलेले सांधे लहानूच्या हातून जमेनात. एक वीट बसे तर दुसरी कलंडे. पोकळी झाकावयाची तर आतल्या विटा आधी आधारास लागत, आणि कोणती कुठची हे आता ठाऊक असणारा मनुष्य जगात नव्हता.

ऊन तांबूस झाले. वनरक्षकाने शिट्टी वाजविली. "चला सर, आता एक मिनिट नाई. कालच तळ्यावर पंजे दिसले."

ढीग अर्धाही झाला नव्हता. मधली जागा उघडीच होती.

"कोलूभाऊ," लहानू हात जोडून म्हणाला, "बाकीचं तुमी करान का?"

"मी बाहेरचं करीन," कोलू म्हणाला. "आतलं नाई. ते तुह्या बापाचं काम होय. त्याचा पोरगा जिता असताना मी काऊन हात लावू?"

लहानूने क्षणभर उघड्या मातीकडे पाहिले. मग तो दीपिकास म्हणाला, "तू जा. मी गावात राह्यतो, कोलूभाऊच्या घरी. सकाळी येऊन लावतो. जितके दिस लागतील तितके लागू दे."

"मीही थांबतो, बाबा."

"नाई. तू उद्या ये. ज्याले यायचं त्याले घेऊन ये. स्तूप म्हणून या नाईतर माह्या मायची जागा म्हणून या, मले काई नाई." त्याने तिच्या गालावरची विटकरी माती पुसली. "तुले सांगाले पायजे होतं."

कोलूच्या भरवशावर वनरक्षकाने मान डोलावली, आणि गाड्या निघून गेल्या. त्यांचा आवाज सागांत विरला. कोलूने कुऱ्हाड खांद्यावर घेतली.

"मी पुढं चालतो, तू माह्या मागं. रस्ता कोसभर हाये. मागं पाहू नको, ठेचकाळशील."

दोघे चालू लागले. वाट वाळल्या सागपानांनी भरलेली होती. पुढे कोलूचे पाऊल पडे, कर्र. मागे लहानूचे पडे, कर्र. छाती मोकळी झाली आहे, हे लहानूच्या लक्षात आले. इतकी मोकळी की श्वास किती घ्यावा हे कळेना. पन्नास वर्षांत अशी मोकळीक त्याने अनुभवली नव्हती, आणि त्या मोकळीकीचेच त्यास भय वाटू लागले.

विहाराचा शेवटचा खांब मागे पडला तेव्हा त्याने ते ऐकले. कोलूचे पाऊल, त्याचे पाऊल, आणि त्यानंतर तिसरे. हलके, अनवाणी, जरासे ओढत टाकलेले. डोक्यावर टोपली भरलेली असताना बाया टाकतात तसे.

तो थांबला. तेही थांबले. पुढे कोलूही थांबला होता. त्यानेही मागे पाहिले नाही.

"आयकू आलं?" लहानूने ओठांतल्या ओठांत विचारले.

कोलूने कुऱ्हाड दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "हळू चालू. घाई नाई."

बावीस प्रतिज्ञा लहानूसही मुखोद्गत होत्या. भुतेखेते नसतात, हे त्याने कन्येस शिकविले होते, आणि त्या क्षणीही ते त्यास तितकेच खरे वाटत होते. मागे वळून पाहिले असते तर रिकामी वाट दिसली असती, हेही तो जाणून होता. म्हणूनच तो वळला नाही. त्याने आपली चाल मंद केली, लहान लेकरू आईच्या पुढे चालते तशी, आणि जिथे वाट अरुंद होती तिथे आडवी आलेली फांदी एका हाताने बाजूस धरून, मागील पाऊल पुढे येऊन जाईपर्यंत, सोडली नाही.

कथा इथे पूर्ण होते. आपण आपला अमूल्य वेळ देऊन इटबोडीच्या त्या वाटेवर माझ्यासोबत चाललात, याबद्दल आपणा सर्व वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार. उणे-अधिक असल्यास क्षमा असावी.

आपला नम्र,
लोकेश दादाजी मेश्राम
मु. पो. मूल, जि. चंद्रपूर